नाव एकीकडे, मजकूर दुसरीकडे

आमच्या मराठी विभागाच्या एका डिस्कवर विद्यार्थ्यांनी सहा वर्षे गावोगाव फिरून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. गाणाऱ्या बायांपैकी काही आता हयात नाहीत. ऐन लेखन चालू असताना वीज गेली, फायलींची मांडणी विस्कटली, आणि ती तपासणारे ई-टू-एफएससीके हे साधन डिस्कला हात लावीना. 'फीचर सी-12' आपणास उमगत नाही, नवी आवृत्ती आणावी, एवढेच ते सांगे.

डिस्क आखली गेली होती नव्या संगणकावर. विभागातला संगणक जुना. सी-12 म्हणजे 'ऑर्फन फाइल' नावाची सोय. 2023 मधील 1.47 या आवृत्तीपासून ती नव्या डिस्कवर आपोआप घातली जाते. जुन्या साधनाला तिचे नाव ठाऊक नसल्याने ते तिला क्रमांकाने हाक मारते. परीक्षांच्या दिवसांत संपूर्ण प्रणाली बदलण्यास कोणी धजेना, म्हणून साधनच मूळ संहितेवरून घडवायचे ठरले.

थिओडोर त्सो यांनी वर्षानुवर्षे सांभाळलेला ई-टू-एफएसप्रॉग्ज हा संच सर्वांना खुला आहे. निर्मितीसाठी वेगळा फोल्डर करावयाचा, तेथून 'कन्फिगर' चालवावयाचे. ते यंत्रावर कोणता कंपायलर आहे, कोणत्या लायब्ररी आहेत, याची चौकशी करते. मग 'मेक'. आम्हांला मोह पडला तो 'मेक चेक'चा. मुद्दाम बिघडवलेल्या कितीतरी छोट्या फाइल सिस्टिम संचातच ठेवलेल्या असतात, आणि प्रत्येकीसोबत अपेक्षित उत्तर. नवे साधन आधी या भ्रष्ट पाठांवर पारखले जाते! पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांनी हेवा करावा अशी ही शिस्त आहे. असो. 'मेक इन्स्टॉल' करताना 'प्रिफिक्स' देऊन साधन निराळ्या जागी बसवले. प्रणालीचे जुने साधन जागचे हलवले नाही.

डिस्कची संपूर्ण प्रत आधीच काढून ठेवली होती. तपासणी त्या प्रतीवर केली. साधनाने पाच फेऱ्या घेतल्या. फायली बहुतेक वाचल्या, पण त्रेचाळीस फायली 'लॉस्ट अँड फाउंड' या फोल्डरात नुसत्या क्रमांकांनी येऊन पडल्या. कारण रचनेतच आहे. फाइलीचा आकार, वेळ, मजकूर कोठे आहे याची खूण हे सारे 'आयनोड'पाशी असते. नाव मात्र असते फोल्डरापाशी. फोल्डराचे पान फाटले की मजकूर शाबूत राहतो आणि नाव जाते.

ओवीच्या अभ्यासकाला यात नवे ते काय, असे कोणी म्हणेल. ओवीला कवयित्रीचे नाव नसतेच. परंतु गाणारीला असते, आणि आमच्याकडे ते गावासह केवळ फाइलीच्या नावात होते. आता वहीतल्या तारखांशी फायलींच्या वेळा ताडून पाहतो आहोत. आवाज ओळखण्यासाठी जुन्या विद्यार्थिनींना बोलावतो आहोत. एकतीस फायली लागल्या. उरलेल्यांपैकी एकीत ओवी संपते, जाते थांबते आणि बाई म्हणते, "आता ही आत्याबाईची." पुढची ओवी कोणाची, हे कळते ते एवढेच.