एका शब्दात मावणारे दुखणे

गावच्या डॉक्टराने फावल्या वेळात भाषा घडवावी, हे ऐकून आपणास हसू येईल. कयाधूच्या काठी दगडी हत्यारे घेऊन वावरणारी एक टोळी मी कल्पिली आणि रात्री दवाखाना आटोपल्यावर तिला बोलते करू लागलो. हा नाद अगदीच जगावेगळा नाही. १९८१ साली आलेल्या ‘क्वेस्ट फॉर फायर’ या आदिमानवांवरील चित्रपटासाठी अँथनी बर्जेस या कादंबरीकाराने अशीच भाषा रचली होती.

माझ्या टोळीची भाषा बहुसंश्लेषी आहे. म्हणजे कर्ता, क्रिया, काळ, सारे एकाच शब्दात गुंफलेले. अशा भाषा खरोखर आहेत. ‘रेनडियरच्या शिकारीला जाणार असल्याचे त्याने अजून पुन्हा सांगितले नव्हते’ एवढा मजकूर अलास्कातील युपिक भाषेत एका शब्दात मावतो. आपल्या मराठीलाही ही कला थोडी अवगत आहे. घरातील वृद्ध ‘उठवत नाही’, ‘गिळवत नाही’ म्हणतात, तेव्हा इच्छा आहे पण शक्ती नाही, हे त्या एकट्या ‘व’ने सांगितलेले असते. अशी वाक्ये मी रुग्णाच्या तोंडची जशीच्या तशी टिपून ठेवतो. ‘अशक्तपणा’ लिहिले की निम्मा अर्थ सांडतो.

अॅमेझॉनच्या खोऱ्यातील तुयुका भाषेत तर बोलणाऱ्याने स्वतः पाहिले, की इतरांकडून ऐकले, हे क्रियापदाच्या प्रत्ययातूनच सांगावे लागते. हा नियम मी आनंदाने उचलला. माझा एक शब्द आहे : अजतुलमुशेक. ‘अज’ म्हणजे आजी, ‘तुल’ बोलणे, ‘मु’ थांबणे, ‘शे’ म्हणजे सूर्य माथ्यावर असताना, आणि शेवटचा ‘क’ म्हणजे मी स्वतः पाहिले. ऐकीव असेल तर ‘क’च्या जागी ‘न’. वेळ गाळली तर शब्दच पुरा होत नाही.

दवाखान्यात मात्र ऐकू येते, “सकाळपासून आजी गप्प आहे.” कोणी पाहिले? सून शेतात, मुलगा वसमतला. शेजारणीने सांगितले म्हणून समजले. वाचा अचानक जाणे, तोंड वाकडे होणे, हातातील बळ जाणे ही पक्षाघाताची लक्षणे होत. मेंदूतील गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आत, सीटी स्कॅन पाहूनच देतात. हे तास शेजारणीच्या फोनपासून मोजत नाहीत. रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. म्हणून असे सांगावे : रात्री दहाला मी स्वतः बोललो, तेव्हा ठीक होती, सहाला उठवले तेव्हा वाचा नव्हती. वेळ टळली असे मानून घरी मात्र थांबू नये. झोपेतून उठताना लक्षणे आढळलेल्या काही रुग्णांनाही तपासणीअंती उपचार देता येतात. १०८ ला फोन करावा. गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते, म्हणून तोंडाने पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नये.

माझ्या भाषेत ‘बरे वाटत नाही’ला अजून शब्द सापडलेला नाही. कोणाला, कुठे, केव्हापासून, हे सारे प्रत्यय तिथे आडवे येतात. पण टोळीतल्या म्हाताऱ्यांना तो शब्द लागतच असणार. सध्या तिथेच अडलो आहे.