गेली वाचा, आली वाचा

माणूस म्हातारपणाची तयारी पुष्कळ करून ठेवतो. निवृत्तिवेतनाचे कागद एका पिशवीत नीट लावलेले असतात, गुडघ्यांसाठी तेलाची बाटली आणलेली असते, चष्म्याचा एक जादा जोडही कपाटात असतो. दात जाणार, कान जाणार, केस तर केव्हाच गेलेले असतात. हे सारे त्याने मनाशी धरलेले असते. पण आपले शब्दच एके दिवशी घर सोडून जातील, ही शंका कोणाला येत नाही. मग ज्याने चौतीस वर्षे जळगावात मराठीचे तास घेतले आणि ज्याची ख्याती विद्वत्तेपेक्षा बडबडीबद्दलच अधिक, त्या मास्तराला ती कुठून येणार?

२०२२ चा डिसेंबर होता. खानदेशात हिवाळा म्हणजे भरीत, हे मी सांगायला नको. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या जिभेने ते कित्येक पिढ्या आधीच देऊन टाकले होते. आम्ही आठदहा निवृत्त मंडळी आसोद्याच्या रस्त्याला एका स्नेह्याच्या शेतात जमलो होतो. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती आणि ती ठेचण्याचा मान माझ्याकडे होता. एकाएकी मुसळ हातातून निसटले. वाटले, तेलाचा हात असेल. उचलायला वाकलो, तर उजवा हात येईना. ‘मीठ आणा रे’ असे म्हणालो, निदान म्हणावयाचे होते. पण तोंडातून निघाला तो नुसता गडगडाट. मंडळी हसली. मी नकला करतो हे सर्वांना ठाऊक होते.

हसला नाही तो एकजण. आमच्या स्नेह्याचा डॉक्टर मुलगा. त्याने मला तीन गोष्टी करायला सांगितल्या. हसून दाखवा, दोन्ही हात वर करा, एक वाक्य बोला. मी तिन्ही विषयांत नापास झालो. वाचकहो, ही तीन प्रश्नांची परीक्षा घरातल्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावी. मेंदूची रक्तवाहिनी गाठीने तुंबली, तर ती गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते, आणि तेही जितके लवकर तितके चांगले. मोठी वाहिनी तुंबली असता मेंदूच्या सुमारे एकोणीस लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असा हिशोब २००६ साली एका अमेरिकन डॉक्टराने मांडला आहे. मला रुग्णालयात पोचायला बावन्न मिनिटे लागली. तो हिशोब मला लावला, तर जवळजवळ दहा कोटी पेशी वाटेतच खर्ची पडल्या. मास्तरच्या डोक्यात इतका माल होता, हे आमच्या मित्रांना तेव्हाच प्रथम कळले!

तपासणी झाली, इंजेक्शन मिळाले, जीव वाचला. पाय हळूहळू हलू लागला. वाचा मात्र आली नाही. लोक समजतात की मुका झालेला माणूस आतूनही रिकामा झाला असेल. तसे नव्हते. समोरचा काय बोलतो ते मला कळत होते, काय उत्तर द्यायचे तेही कळत होते. फक्त शब्द उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरत. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या शल्यवैद्याकडे असा एक रोगी आला होता. त्याला सारे समजे, पण कोणी काही विचारले की तो एकच अक्षर म्हणे, ‘तान’. तो वारल्यावर ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला, आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागात बोलण्याचे ठाणे असते, हे जगाला कळले. आपल्याकडे तान घ्यायला गवई जन्म घालवतात. त्या बिचाऱ्याजवळ तिच्यावाचून दुसरे काही उरले नव्हते. माझ्याजवळ तीही नव्हती.

तिसऱ्या दिवशी पहाटे माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले. ‘माले पानी दे.’

हिने घाईने पाणी दिले. पाणी पाजताना तिचा हात कापत होता, आणि तो केवळ आनंदाने कापत होता असे मला वाटले नाही. हिचे माहेर पुण्याचे. लग्नाला चाळीस वर्षे झाली. तेवढा काळ आमचा संसार पुस्तकी म्हणावी अशा मराठीत झाला. अहिराणी ही माझ्या आईची बोली. धुळ्याच्या घरात मी ती बोललो, शाळेच्या पायरीवर ती उतरवून ठेवली, आणि आई गेल्यावर ती बोलण्याचे कारणच उरले नाही. ग्रियर्सनच्या भाषापाहणीत १९०७ साली खानदेशी बोलीला भिल्ल भाषांच्या शेजारी बसवले होते. ती मराठीचीच मुलगी की स्वतंत्र घरची, यावर पंडितांचे वाद झाले आहेत. माझ्या मेंदूने तो वाद तीन शब्दांत मिटवला. पुस्तकाची मराठी बाहेर थांबली आणि आईची बोली खुशाल आत आली.

याबद्दलही विद्वानांत मतभेद आहेतच. रिबो म्हणाला, लहानपणी शिकलेली भाषा आधी परत येते. १८९५ साली पीत्र म्हणाला, छे, आजाराच्या वेळी जी अधिक वापरात असेल ती आधी येते. रोगी दोघांच्याही बाजूने साक्ष देतात. माझी साक्ष रिबोच्या बाजूने पडली, आणि तिचा भुर्दंड हिला बसला.

धुळ्याहून ताई एस. टी. ने आली. पारोळा, एरंडोल करीत दुपारी ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘कसा शे रे भाऊ?’ मी म्हणालो, ‘बरा शे.’ दोघे रडलो. ही दाराशी पदर धरून उभी होती. पुढले काही दिवस मी बोलावे, ताईने ऐकावे आणि हिने विचारावे, ‘वन्सं, काय म्हणताहेत हे?’ असे चालले. स्वतःच्या नवऱ्याचे बोलणे दुभाष्याकडून समजून घ्यायचे, ही काय सोपी गोष्ट आहे?

त्यातच वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी मला विचारले, ‘आजोबा, आजींचे नाव काय?’ मी हिच्याकडे पाहिले. ही माझ्याकडे पाहत होती. चाळीस वर्षे ‘अगं’वर संसार केलेला, नाव लागले ते फक्त शिधापत्रिकेवर. ते काही केल्या आठवेना. ही हसून म्हणाली, ‘असू द्या.’ पण त्या रात्री ती जेवली नाही.

फेब्रुवारीत ताई मला धुळ्याला घेऊन गेली. हीच म्हणाली, ‘न्या, तिथे ते बोलतील.’ आणि खरोखरच तिथे जीभ सुटली. ताई कानबाईची, आखाजीची गाणी म्हणे. मध्येच थांबे, आणि पुढचे शब्द माझ्या तोंडून आपोआप येत. बोलता न येणारा माणूस गाऊ शकतो, हे स्वीडनमध्ये १७४५ साली नोंदले गेले होते. १९७३ मध्ये बोस्टनच्या मंडळींनी त्यावरून सुरांनी बोलते करण्याची पद्धतच बसवली. ताईने यांपैकी काही वाचले नव्हते. वाचायची गरज तरी काय? आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलाने व भाच्याने कागदावर उतरवून ठेवली, आणि त्यांच्या मागे १९५२ साली ती पुस्तकरूपाने निघाली. शब्द कागदावर येण्याआधी गळ्यात राहत असतो, हे खानदेशाला मुद्दाम शिकवावे लागत नाही.

धुळ्याच्या जुन्या पेठेतल्या गल्ल्यांना नावांऐवजी आकडे आहेत आणि त्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत. लंगडत चालणाऱ्या माणसाला याहून चांगली शाळा नाही. पहिल्या आठवड्यात एक गल्ली, दुसऱ्यात दोन. पाचव्या आठवड्यात मी काठी टेकीत राजवाडे संशोधन मंडळापर्यंत गेलो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यातच वारले, आणि त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेल्या कागदांसाठी पुढल्याच वर्षी ही संस्था उभी राहिली. दाराशी उभा राहून मी पाटीवरची अक्षरे एकेक करून लावली. राजवाड्यांनी मोडी दप्तरे वाचली. मी ती पाटी वाचली. श्रम सारखेच झाले असतील.

डॉक्टर जॉन्सनचे मला तेव्हा फार सांत्वन वाटे. १७८३ च्या जूनमध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, एका रात्री त्याची वाचा गेली. बुद्धी शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याने मनातल्या मनात लॅटिन पद्यात प्रार्थना रचली. पद्य काही चांगले जमले नाही. पण ते जमले नाही हे आपल्याला कळते आहे, यावरून त्याने ओळखले की डोके ठीक आहे. मी लॅटिन कुठून आणू? मी गल्ल्यांचे आकडे उलटे म्हणत असे.

असाच एकदा चौथ्या गल्लीच्या तोंडाशी आलो आणि हिचे नाव आठवले. कसे, ते सांगता येत नाही. बंद खोलीचे दार वाऱ्याने उघडावे तसे. घरी येऊन ताईला फोन लावायला लावला. पलीकडून ‘हॅलो’ ऐकू आले आणि मी फक्त ते नाव उच्चारले. ते इथे लिहीत नाही. ती हा अंक वाचते. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, ‘परत म्हणा.’ मी परत म्हणालो. ताई स्वयंपाकघरात निघून गेली.

आता माझी मराठी पुष्कळशी परत आली आहे. जोडाक्षरे अजून अडखळतात, आणि हा लेख मी डाव्या हाताने लिहिला आहे. मी धुळ्यात असताना हिने मात्र शेजारणीकडून आणि फोनवर ताईकडून एक उद्योग आरंभला होता, त्याचा पत्ता मला पाडव्याला लागला. ओवाळून झाले, तबक खाली ठेवले, आणि चाळीस वर्षे ‘अहो’ म्हणणारी ही पुणेकरीण माझ्या कपाळाकडे पाहत म्हणाली, ‘कसा शे?’

शब्द तिने ताईकडून उचललेले. आणि ताई मोठी बहीण, ती मला अरेतुरेच करणार. नवऱ्याशी असे बोलत नाहीत, हे हिला कोणी सांगितले नव्हते. चौतीस वर्षे व्याकरण शिकवलेल्या माणसाने ते तिथेच दुरुस्त करावयास हवे होते.

मी म्हणालो, ‘बरा शे.’