आपल्याकडे

सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातून आत्या बोईसरला आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत ज्वारीचे पीठ होते, शेंगदाण्याची चटणी होती आणि गावाकडील घराची किल्ली होती. पुतण्याचे आईवडील आता राहिले नव्हते. ते बंद घर आत्याच झाडूनपुसून ठेवीत. शेजाऱ्याने ते विकत मागितले होते. "तू परतणार असशील तर राखते, नाहीतर एकदा काय ते सांग," एवढेच विचारण्यासाठी सत्तरी ओलांडलेल्या आत्या रात्रभर बसने बोरिवलीपर्यंत आणि तेथून डहाणू लोकलने आल्या होत्या.

पुतण्या उत्तराला तयार नव्हता. "आधी इकडचं सगळं बघून तर घे," म्हणत त्याने रविवारी शेजाऱ्याची गाडी मागून घेतली.

पहिल्यांदा तो त्यांना पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी घेऊन गेला. १४ ऑगस्ट १९४२ रोजी येथे पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. प्रतिसरकारच्या कथा ऐकत लहानाच्या मोठ्या झालेल्या आत्यांनी चप्पल काढून हात जोडले. परतताना कोळगावचे भव्य जिल्हा मुख्यालय दाखवून पुतण्याने सांगितले, "२०१४ साली हा जिल्हा वेगळा झाला." ते सांगताना त्याच्या आवाजात चढलेला अभिमान त्याच्या स्वतःच्या ध्यानी आला नाही.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीला वळसा घालून जायचा त्याचा विचार होता. पण "तू दिवसभर असतोस कुठं ते बघू दे," असा आत्यांनी हट्ट धरला. कारखान्यांच्या रांगांमधून जाताना उग्र दर्प गाडीत शिरला. आत्यांनी पदर नाकाला लावला. बावीस वर्षांपूर्वी रसायनशास्त्राची पदवी घेऊन तो येथे आला, रात्रपाळ्या केल्या, संसार उभा केला. या वासाविषयी मात्र फोनवर तो कधी बोलला नव्हता. "सवय होते," तो म्हणाला. आत्या काहीच बोलल्या नाहीत.

पुढे समुद्राच्या अंगाला अणुवीज केंद्राच्या इमारती दिसू लागल्या. १९६९ मध्ये सुरू झालेले हे देशातील पहिले व्यापारी अणुवीज केंद्र. त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, हे पुतण्याने सांगताच आत्यांना चांदोली धरणाखालून उठून वाळवा तालुक्यात वसलेली माणसे आठवली. वारणेकाठच्या आपल्या गावाची नावे घेताना त्यांचे डोळे कसे भरून येत, हे त्यांनी पाहिले होते.

"त्यांची गावं गेली," आत्या म्हणाल्या. "जाऊ का म्हणून कुणी त्यांना विचारलं नसेल. तुझं घर उभं आहे, आणि तुला विचारायला मी एवढ्या लांबून आले आहे."

पुतण्याने नजर रस्त्यावरून हलवली नाही.

तारापूरच्या पोर्तुगीज किल्ल्यापाशी त्याने विषय बदलला. वसईच्या मोहिमेत, १७३९ च्या जानेवारीत, मराठ्यांनी हा किल्ला घेतला. त्या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थी पडले.

"रेठरेकर? आपल्या रेठऱ्याचं नाव इथवर आलं होतं तर!" आत्या तटाकडे पाहत राहिल्या. "आला तो इथलाच झाला म्हणायचं."

दिवस कलू लागला तसे खाडीवरचा पूल ओलांडून ते चिंचणीच्या किनाऱ्यावर पोहोचले. आत्यांचे जेवण सूर्यास्तापूर्वी व्हायला हवे, म्हणून सुरूच्या सावलीत डबा उघडला. भाकरी मोडता मोडता पुतण्या सहज सांगत होता, "लांबून बघ हं पाणी. आपल्याकडे भरतीला पायाखालची वाळू सरकते."

आत्यांचा हात क्षणभर थांबला. बावीस वर्षे फोनवर 'आपल्याकडे पाऊस झाला का?' म्हटले की ते गाव असे, आणि बोईसर म्हणजे नुसते 'इकडे'. माणूस नव्या मुलखात घर घेतो, शिधापत्रिकेवर पत्ता बदलतो, पण हा एक शब्द बदलायला फार वर्षे लागतात. आणि तो बदलल्याचे बहुधा दुसऱ्यालाच आधी कळते.

"शेजाऱ्याला होकार कळवते," त्या म्हणाल्या.

"मी कुठं काय सांगितलं?"

"सांगितलंस की."

त्याचा घास तसाच हातात राहिला. मुलीची शाळा, घराचे हप्ते, ही कारणे त्याच्यापाशी तयार होती. पण ती कारणे सांगण्याची भीती नव्हती. घर विका म्हणणे म्हणजे आईवडिलांना दुसऱ्यांदा निरोप देणे, असे त्याला वाटत आले होते. तेवढेच तो कसेबसे बोलला. आत्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि सूर्य पाण्याला टेकण्याआधी उरलेली भाकरी त्याच्या पुढ्यात सरकवली.

आत्या गावी परतल्यावर आठवड्याने त्याने फोन केला. जरा अडखळतच विचारले, "गावाकडे पाऊस झाला का?"

"गावाकडे कसलं?" पलीकडून आत्या रागावल्या. "आपल्याकडे म्हण. घर गेलं तरी मी आहे की अजून!"