गाव वसवायचंय, पण कुणाचं?

तलवारी घेऊन धावायचे गेम ढीगभर आहेत. पण लाकूडफाटा, ओंडके ओढणारा बैल आणि हिवाळ्याचं सरपण यांची काळजी करायला लावणारा गेम? त्यासाठी दिवसभर ऑफिसात एक्सेल शीट भरून आलेली माणसं रात्री दोन-दोनपर्यंत जागतात? जागतात, बॉस! ‘मॅनॉर लॉर्ड्स’ २६ एप्रिल २०२४ रोजी आला आणि काही दिवसांतच दहा लाखांवर प्रती खपल्या. गंमत म्हणजे यातलं बहुतेक काम पोलंडच्या ग्रेग स्टिचेन या एकाच माणसानं केलेलं.

काळ चौदाव्या शतकाचा शेवट, जागा जर्मनीतला फ्रँकोनिया. हातात चार-पाच कुटुंबं, एक बैल आणि मोकळं रान. इथे आखीव चौकोन नाहीत. रस्ता वळेल तसं घर बसतं. घराचं तोंड रस्त्याला आणि मागे लांबलचक परस. तिथे भाजी लावा, कोंबड्या पाळा. शेतात सारखं एकच पीक घेतलं की जमीन थकते, म्हणून तुकडा पडीक ठेवायचा. विहीरसुद्धा मनाला येईल तिथे नाही, जमिनीखाली पाणी असेल तिथेच. राजा-राणी विसरा, ‘ऐतिहासिक’ म्हणजे हे!

पण गेम आला तो ‘अर्ली अ‍ॅक्सेस’मध्ये. म्हणजे अर्धवट बांधलेला, पण विकायला काढलेला. नव्या सोसायटीत फ्लॅटचा ताबा मिळतो, पण लिफ्ट ‘लवकरच’ येणार असते ना, तसंच. सुरुवातीला नकाशा एकच होता. शेजारचा बॅरन तुमच्या प्रदेशावर हक्क सांगायचा, पण त्याचं स्वतःचं गाव नकाशावर कुठेच नाही! तिरंदाज इतके दुबळे, की त्यांची ताकद पॅचमध्ये वाढवावी लागली. काही पर्यायांच्या जागा तर नुसत्याच रिकाम्या. लोकांनी कुरकुर केली, अपडेट येत गेले. असल्या उणिवांचं मला फारसं काही वाटत नाही. जे आज नाही ते उद्या येईल, असा करारच असतो तो.

माझा प्रश्न सुरू झाला लोणारला. दिवाळीत मामाकडे गेले होते, लॅपटॉप सोबत होताच. सकाळी सरोवर बघायचं आणि रात्री फ्रँकोनियात गाव वसवायचं. दोन दिवसांत वाटायला लागलं, की या गेमला जर्मनी कशाला हवी? लोणार आहे की!

बघा ना. बेसॉल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. तळाशी खारट, क्षारयुक्त पाणी, जे पिता येत नाही. आणि विवराच्या काठावर मात्र गोमुखातून गोड्या पाण्याची धार! गावात दैत्यसूदनाचं नक्षीदार मंदिर, लिंबी बारव, खाली सरोवराच्या काठाला कमळजादेवी. चालुक्य-यादवांच्या काळातलं बांधकाम पावलोपावली. आणि व्यापार म्हणाल, तर ‘आईन-ए-अकबरी’त या भागाची नोंद आहे. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो, शोऱ्याच्या कामातून सरकारला चांगला महसूल येतो, असं त्यात म्हटलंय. गेम डिझायनरला एवढं आयतं कुठे मिळणार?

शिवाय आपल्याकडे गावाचा नकाशा भाषेतच आहे. वस्तीची जमीन ती पांढरी, पिकाची ती काळी. गावाला वेस, वेशीच्या आत चावडी, सुतार-लोहार-कुंभारापासून बारा बलुतेदार, आणि त्यांना पैशाऐवजी सुगीला धान्यात मिळणारं बलुतं. गेमचे नियम जवळजवळ लिहून तयार! बनवणारे नाहीत म्हणाल, तर तेही खोटं. २०२० मध्ये आलेला ‘राजी’ हा गेम पुण्याच्याच स्टुडिओचा.

हे सगळं मी जोशात मामाला सांगत होते. तो चष्मा सारखा करून स्क्रीनकडे बघत बसला. मग म्हणाला, “गाव मस्त हाये तुझं. या विहिरीवर कोणीबी पाणी भरते काय?”

“हो मामा, सगळेच भरतात.”

“मंग हे गाव आपल्या इकडचं नाही, पोरी.”

गप्पच झाले. कारण मुद्दा बिनतोड होता. मॅनॉर लॉर्ड्समध्ये क्लिक केलं की एखादं कुटुंब आज लाकूड तोडतं, उद्या नांगर धरतं. हां, परसात चांभाराचं दुकान काढून दिलं, की मग ते कुटुंब त्याच कामाला कायमचं बांधलं जातं. बारकावा छान आहे. पण तिथे ते खेळणारा ठरवतो. आपल्या गावात ते जन्मच ठरवायचा. कोण वेशीच्या आत, कोण बाहेर, हेही.

आणि ही नंतरच्या काळातली गोष्ट नाही. हा गेम ज्या शतकात घडतो, त्याच शतकातले आपले चोखोबा. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते त्याखाली गेले. साल १३३८ सांगतात. ज्यांना कुसाच्या आत घर नाही, त्यांनीच कूस बांधायचं! पंढरपुरात त्यांची समाधी आहे, तीही देवळाच्या महाद्वारासमोर, बाहेर. पाण्याचं म्हणाल, तर १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. म्हणजे हा नियम सहाशे वर्षांनीही बदललेला नव्हता.

आता खरी अडचण. आपला गेम बनवताना हे घ्यायचं का? घेतलं, तर एखाद्या कुटुंबाचं घर वेशीबाहेर बांधायचं क्लिक खेळणाऱ्याला स्वतःच्या बोटानं करावं लागेल. शनिवारी रात्री रिलॅक्स व्हायला बसलेल्या कुणाला ते आवडेल? नाही घेतलं, तर मंदिराची नक्षी कितीही हुबेहूब काढा, ते गाव खोटं. युरोपचं खेडंही काही सुखाचं नव्हतं. तिथेही अनेक ठिकाणी शेतकरी जमीनदाराला बांधलेला असे, गेममध्ये मात्र तो बराच मोकळा वाटतो. म्हणजे नको ते हळूच गाळायची सवय फक्त आपलीच नाही.

माझं मत विचाराल, तर घ्यावं. अपुरं राहिलेलं पॅचमध्ये येतं. मुद्दाम गाळलेलं कधीच येत नाही, कारण ते नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा उद्या कुणी यादवकालीन लोणारचा गेम काढलाच, तर पहिल्या दिवशी नकाशा एकच असू दे, तिरंदाज दुबळे असू देत, शेजारचा सरदारही खुशाल गायब असू दे. बारव मात्र पहिल्याच दिवशी हवी. आणि तिच्या पायऱ्या कोण उतरू शकतं, कोण नाही, हेही.