पुढच्या रुग्णासाठी

कर्करोगावर नवे औषध निघाल्याची वार्ता वर्तमानपत्रांतून वर्षातून अनेकदा वाचावयास मिळते, आणि ज्याच्या घरात या व्याधीचा शिरकाव झालेला नाही त्याच्या मनावर तिचा ठसा फार काळ टिकत नाही. परंतु केमोचे सर्व शिरस्ते पाळूनही ज्याचा रोग पुन्हा उलटला आहे, तो मनुष्य अशी वार्ता हाती येताच आधी औषधाचे नाव पाहत नाही, तर अखेरच्या ओळीत लिहिलेली किंमत पाहतो. मी त्यांपैकी एक होतो. महसूल खात्यात कारकुनीपासून आरंभ करून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला मिळकतीचा आणि खर्चाचा ताळा तत्काळ मांडता येतो, आणि तो मांडून झाल्यावर अशी वर्तमानपत्रे मी मुकाट्याने घडी घालून ठेवीत असे.

माझा रोग म्हणजे लिम्फोमा. त्यातही 'डिफ्यूज लार्ज बी-सेल' या लांबलचक नावाचा प्रकार. रक्तातील बी-पेशी या एरवी शरीराच्या रक्षणाचे काम करतात. त्याच बिघडून बेसुमार वाढू लागतात आणि मानेत, काखेत, पोटात गाठी धरतात. याच्यावर जी प्रचलित केमो आहे तिने बहुसंख्य रुग्णांना कायमचा गुण येतो, आणि मलाही आरंभी तो आला. पुढे रोग परतला. दुसऱ्या औषधांची योजना झाली. काही महिने बरे गेले आणि पेट स्कॅनमध्ये पुन्हा पोटातील गाठी दिसू लागल्या. परळच्या टाटा रुग्णालयात त्या दिवशी डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवला, खुर्ची माझ्या जवळ ओढली आणि सौम्यपणे, परंतु काहीही न लपविता सांगितले, "काका, नेहमीच्या औषधांतून आता फारसे हाती लागणार नाही. एक चाचणी चालू आहे. तिच्या अटींत तुम्ही बसता का, ते पाहू." चाचणी होती कार-टी पेशींची.

या उपचाराचे तत्त्व मला समजले ते असे. आपल्या रक्तातील टी-पेशी या देहाच्या शिपायांचे काम करतात. परंतु कर्करोगाची पेशी मूळची आपल्याच देहातील असल्याने पुष्कळदा शिपाई तिला ओळखीत नाही आणि ती समोरून राजरोस निघून जाते. तेव्हा हे शिपाई रक्तातून काही काळ बाहेर काढावयाचे, बी-पेशीच्या पृष्ठभागावर सीडी-१९ नावाचे जे चिन्ह असते ते ओळखण्याचे वर्णनपत्र निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या द्वारा त्यांच्या जनुकांतच लिहून द्यावयाचे, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवावयाची आणि मग त्यांना परत देहात रवाना करावयाचे. निरोगी बी-पेशींवरही हेच चिन्ह असल्याने त्यांचाही नाश होतो, व काही काळ रुग्णाला संसर्गापासून जपावे लागते. पण त्यांच्यावाचून माणूस जगू शकतो, आणि या एका गोष्टीवर हा सारा उपचार उभा आहे. इस्राएलमधील झेलिग एशहार यांनी गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या कल्पनेचा पाया घातला. अमेरिकेत कार्ल जून व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सिद्धीस नेली. आणि २०१२ साली फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या रक्तकर्करोगी बालिकेला मृत्यूच्या दारातून परत आणून तिने साऱ्या जगाचे लक्ष वेधले. २०१७ च्या ऑगस्टात अमेरिकी सरकारची मंजुरी मिळाली तेव्हा एका रुग्णाच्या औषधाची जाहीर किंमत होती ४,७५,००० डॉलर. शास्त्राने दार उघडले होते खरे. परंतु आमच्यासारख्यांसाठी त्या दाराला तीन कोटी रुपयांचे कुलूप होते.

हे कुलूप काढण्याचा उद्योग मुंबईतच चालू झाला. पवईच्या आय. आय. टी.मधील डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने आणि टाटा मेमोरियल सेंटरच्या वैद्यांनी मिळून आपली स्वतःची कार-टी पेशी घडविली. परदेशी पेशीत सीडी-१९ ओळखणारा अंश उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेला होता. येथील संशोधकांनी तो मानवी प्रथिनाच्या जवळ नेला. जनुक वाहून नेणारा विषाणू, जो आयात करावा तर सर्वांत महाग, तो येथेच तयार केला. आणि ४ जून २०२१ रोजी खारघर येथील टाटा सेंटरच्या 'अॅक्ट्रेक' या संस्थेत देशातील पहिल्या रुग्णाला या पेशी देण्यात आल्या. या संस्थेची वंशावळ मागे शोधीत गेले की परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरपर्यंत आपण पोहोचतो, जेथे डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या, पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी जिवंत पेशी देहाबाहेर वाढविण्याची, टिश्यू कल्चरची, देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. माझ्या पेशी देहाबाहेर जगल्या आणि वाढल्या, त्यामागे त्या विदुषीच्या पिढीने साध्या साधनांनिशी घालून दिलेली शिस्त होती, याचे स्मरण मला कृतज्ञतेने होते.

चाचणीत प्रवेश घेण्यापूर्वी संमतिपत्र वाचावयाचे असते. आयुष्यभर दस्तऐवज, फेरफार आणि जबान्या वाचलेल्या मला त्या मराठी मसुद्याच्या अनेक पृष्ठांनी जितके थांबविले तितके दुसऱ्या कोणत्याही कागदाने थांबविले नव्हते. काय काय विपरीत घडू शकते याचा तपशील त्यात निःसंकोचपणे दिला होता: तीव्र ज्वर, रक्तदाब घसरणे, वाचा अडखळणे, बुद्धिभ्रम, क्वचित मृत्यू. चाचणीमुळे अपाय झाल्यास विनामूल्य उपचार व नुकसानभरपाई यांची हमी होती. आणि कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, चाचणीतून बाहेर पडण्याची मुभा होती, तसे केल्याने पुढील उपचारांत कसलीही उणीव होणार नाही या अभिवचनासह. सरकारी कागद माणसाकडून नेहमी काही ना काही बांधून घेतो. हा कागद मला मोकळे ठेवून माझी सही मागत होता. शेवटी एक वाक्य होते, त्याचा आशय असा की, आपणास स्वतःला लाभ होईलच असे नाही, मात्र मिळणाऱ्या माहितीचा पुढील रुग्णांना उपयोग होऊ शकेल. डॉक्टरांनी त्या वाक्याखाली बोट ठेवून विचारले, "काका, हे नीट वाचलेत ना?" मी ते पुन्हा वाचले, पत्नीला वाचून दाखविले, मुलाने जे प्रश्न वहीत टिपून आणले होते ते सर्व विचारून घेतले, आणि मग सही केली.

पेशी काढण्याचे काम वेदनारहित, पण दीर्घ असते. एका हातातून रक्त यंत्रात जाते, त्यातील हव्या त्या पेशी वेगळ्या होतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत येते. रक्त गोठू नये म्हणून जे द्रव्य मिसळतात त्याने शरीरातील कॅल्शियम उतरते. माझ्या ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा सिस्टरनी तत्परतेने कॅल्शियम दिले आणि त्या थांबल्या. पुढे पेशी तयार होईपर्यंत काही आठवडे वाट पाहणे आले, व तो काळ आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत काढला. बिहार, बंगाल, विदर्भ, खानदेश येथून आलेली कुटुंबे तेथे एका छपराखाली राहतात, आणि रोगाविषयीचे पुष्कळ ज्ञान तेथे जिन्यावर बसून मिळते.

सोलापूरकडील एक यंत्रमाग-कामगार तेथे भेटले. तंबाखूने झालेला मुखाचा कर्करोग पसरलेला, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला. आणि तरी ते निव्होलुमॅब या नव्या औषधाची मात्रा घेत होते. ज्या शोधाबद्दल जपानचे होंजो व अमेरिकेचे अॅलिसन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या शोधातून निघालेले हे औषध. देहाच्या प्रतिकारशक्तीला रोगाने घातलेला लगाम सोडविणारे. परदेशात याची मात्रा सामान्यतः २४० मिलिग्रॅमची, आणि तिचा खर्च कामगाराच्या कुटुंबाला झेपणे अशक्य. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी प्रश्न विचारला की इतके औषध खरोखरच लागते काय? त्यांनी तोंडावाटे घ्यावयाच्या स्वस्त गोळ्यांबरोबर केवळ २० मिलिग्रॅमची मात्रा तीन आठवड्यांनी एकदा देऊन पाहिली. २०२२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की, नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षभराने १६.३ टक्के रुग्ण हयात होते, तर ही अल्प मात्रा जोडल्यावर ४३.४ टक्के. हे आकडे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते की गिळता येऊ लागले आहे आणि मुलीच्या हातची भाकरी दुधात कुस्करून खाता येते. नवे रेणू शोधणे हे संशोधन, आणि आहे तेच औषध किती कमी दिले असता पुरते हे धैर्याने तपासणे हेही तितकेच उच्च प्रतीचे संशोधन, ही गोष्ट माझ्या मनात त्या जिन्यावर पक्की झाली.

पेशी परत देण्यापूर्वी तीन दिवस सौम्य केमो देऊन देहात त्यांच्यासाठी जागा करतात. मग तो दिवस आला. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठविलेली, तळहाताएवढी पिशवी कोमट पाण्यात वितळवून आणली. दोन सिस्टरनी माझे नाव व क्रमांक मोठ्याने पडताळून पाहिला. आणि गढूळसर द्रव थेंबाथेंबाने माझ्या नसेत उतरू लागला. पेशी गोठविताना वापरलेल्या रसायनाचा उग्र, लसणीसारखा वास खोलीभर पसरला. बाहेरच्या जगात एक कप चहा होण्यास जितका वेळ लागतो, जवळजवळ तितक्यातच हे सर्व आटोपले.

खरी परीक्षा पुढे होती. या पेशी मज्जासंस्थेवर परिणाम करीत नाहीत ना, हे पाहण्यासाठी रोज काही साधे प्रश्न विचारतात: साल कोणते, गाव कोणते, शंभरापासून दहा-दहाने उलटे मोजा, आणि एक वाक्य कागदावर लिहा. रोज तेच वाक्य, म्हणजे अक्षराची तुलना करता येते. मी लिहीत असे, "आमच्या घरामागे चिंचेचे झाड आहे." काही दिवसांनी रात्री थंडी वाजून ताप चढला, रक्तदाब उतरला, आणि पहाटे तरुण डॉक्टरांनी कागद पुढे केला तेव्हा माझी वेलांटी रेघ सोडून खाली घसरली व 'चिंच' हा शब्द अर्ध्यावर थांबला. "काका, घाई नाही. पुन्हा लिहा," असे म्हणून ते पलंगाशेजारी उभे राहिले. दुसऱ्या वेळी वाक्य पुरे झाले. हात थरथरत होता तो ज्वराने, बुद्धी शाबूत होती. ताप उतरविण्यासाठी मला जे टोसिलिझुमॅब दिले, ते मूळचे संधिवाताचे औषध. २०१२ साली एमिलीची प्रकृती अशाच ज्वराने हाताबाहेर गेली असता तिच्या रक्तात ज्या द्रव्याची पातळी भयंकर वाढलेली आढळली, त्यालाच रोखणारे हे औषध आहे, हे कार्ल जून यांना स्वतःच्या कन्येच्या संधिवातामुळे माहीत होते, आणि ते दिल्यावर ती मुलगी वाचली. तिच्यावर आलेल्या प्रसंगातून मिळालेले ज्ञान त्या पहाटे खारघरच्या एका खाटेवर माझ्या कामी आले. दुपारपर्यंत माझा ताप उतरला.

महिनाभराने केलेल्या पेट स्कॅनमध्ये गाठी दिसल्या नाहीत. त्या वार्तेने पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले, आणि माझ्याही; परंतु त्याच सप्ताहात माझ्या शेजारच्या खोलीतील एका तरुणाचा रोग या पेशींना न जुमानता पुढे सरकल्याचे कळले. त्याने सही केलेला कागद आणि माझा कागद शब्दशः एकच होता. २०२५ साली या चाचणीचे निष्कर्ष 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. परिणामाचे मोजमाप होऊ शकले त्या रुग्णांपैकी ७३ टक्के रुग्णांना गुण आला. मी त्या ७३ मध्ये आहे. परंतु उरलेल्यांवाचून तो आकडा सिद्धच झाला नसता. उपचार कोठे अपुरा पडतो हे ज्यांच्या देहांनी दाखविले, त्यांचा वाटा माझ्याहून तिळभरही कमी नाही.

दरम्यान ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण खात्याने या उपचाराला मंजुरी दिली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचे लोकार्पण झाले. किंमत परदेशातील किमतीच्या सुमारे एक दशांशावर आली. एवढ्याने समाधान मानावे असे मात्र मी म्हणणार नाही. तीस-चाळीस लाख रुपये ही रक्कमही शेत नजरगहाण टाकावयास लावणारी आहे, आणि चाचणीमुळे मला जे विनामूल्य मिळाले ते माझ्याच गावच्या दुसऱ्या माणसाला आज मागितले तर त्याच्यापुढे तोच ताळा मांडण्याची वेळ येईल. सरकारी आरोग्य योजनांनी, धर्मादाय निधींनी आणि विमा कंपन्यांनी या उपचाराला आपल्या तजविजीत स्थान दिले पाहिजे; आणि ज्या प्रयोगशाळांनी किंमत एकदा उतरविली त्यांना ती पुन्हा उतरविण्यासाठी लागणारे द्रव्यबळ दिले पाहिजे.

आता आसपासच्या गावांतून लोक मला विचारावयास येतात, की चाचणीत नाव घालू काय, त्यात माणसाचा उंदीर करतात असे ऐकतो. मी त्यांना सांगतो, की आधी कागद संपूर्ण वाचा. समजले नाही ते दहा वेळा विचारा. जो डॉक्टर प्रश्नांना कंटाळतो त्याच्या कागदावर सही करू नका. आणि सही करावयाची ठरली तर ती मान ताठ ठेवून करा, कारण ज्या ज्ञानाने आपण वाचू अशी आशा धरतो, ते आपल्यापूर्वी कोणीतरी अशीच सही केल्यामुळे निर्माण झालेले आहे, आणि आपल्यानंतर येणाऱ्याचा त्यावर तितकाच हक्क आहे.