मुलं झोपल्यावरचं ओरलँडो

१९७१ मध्ये वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झालं आणि अमेरिकेतलं ओरलँडो बच्चेकंपनीचं गाव ठरलं. दिवसभर रांगांत उभं राहून थकलेल्या आईवडिलांची संध्याकाळ मात्र बहुधा हॉटेलच्या खोलीतच संपते. वर्षानुवर्षं पैसे साठवून काढलेली ही सहल त्यांचीही असते! मुलांजवळ आजी-आजोबा असतील, तर एक रात्र दोघांनी स्वतःसाठी जरूर राखून ठेवावी.

मोठ्यांसाठी डिस्नेने १९८९ मध्ये ‘प्लेझर आयलंड’ उभारलं. तिथले नाइट क्लब २००८ मध्ये बंद झाले. तो परिसर आता ‘डिस्ने स्प्रिंग्ज’चा भाग आहे. तळ्याकाठी फिरावं, गाणं ऐकावं, निवांत जेवावं. प्रवेशाला तिकीट नाही. अधिक धमाल हवी असेल, तर १९९९ पासूनचा युनिव्हर्सलचा ‘सिटीवॉक’ गाठावा. इंटरनॅशनल ड्राइव्हवरच्या ४०० फुटी पाळण्यातून दिव्यांनी लखलखणारं शहर दिसतं. गर्दी नकोशी झाली असेल, तर शहराच्या मध्यभागी लेक इओला आहे. तिथलं रंगीत कारंजं पाहत तळ्याभोवती पायी चक्कर मारता येते.

मात्र डिस्नेहून हे तळं सुमारे ३० किलोमीटर दूर आहे, म्हणून एका रात्री एकच ठिकाण ठरवावं. मद्य घेणार असाल, तर टॅक्सीच करावी. वयाची अट २१ वर्षं आहे. केस पिकलेले असले तरी पुरावा मागितला जाऊ शकतो, म्हणून पासपोर्ट जवळ असू द्यावा.