पाटी कुठं ठेवायची

भायखळ्याचा भाजीबाजार १९९६ साली वाशीला आला, तेव्हापासून आमच्या जुन्नर भागातल्या कोथिंबिरीची वाट ठरलेली. माळशेज घाट, कल्याण, शिळफाटा, वाशी. तिथं गिऱ्हाईक एकच, व्यापारी. तो ढीग बघतो आणि शेकड्यावर बोलतो. एकेका जुडीकडं बघायला त्याला वेळ नसतो.

२०१६ च्या जुलैत सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला. आम्ही चौघांनी ठरवलं, टेंपो करून रविवारी नवी मुंबईत थेट विकू. पण कुणाला? ओट्यावर बसून त्याचा लई खल झाला. खरं उत्तर दिलं ते टेंपो जिथं उभा राहिला त्या कोपऱ्यानं.

खारघरला उंच इमारतींच्या फाटकाशी उभं राहिलं, की मराठी बाईसुद्धा आधी हिंदीत भाव विचारते. पावशेरापुढं मागणी नाही. भावाला घासाघीस कमी, पण निवडलेली मेथी आणि सोललेला मटार पाहिजे. मग आमच्या घरच्या बायका शनिवारी दिवसभर निवडत बसायच्या. त्यांची मजुरी कुणी धरत नाही, मी धरायला लागलो.

कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची वस्ती. सातारा, पाटण, आमच्याकडचीबी माणसं. पहिला प्रश्न, "कुठल्या गावचं?" दुसरा भावाचा, आणि तिथं आपली डाळ शिजत नाही. कारण नवऱ्यानं त्याच पहाटे बाजारात तीच कोबीची गोणी पाठीवर वाहिलेली असते. काय भावानं गेली ते त्याला माझ्याआधी ठाऊक. "निवडून कशाला? आम्हाला हात हायेत," असं एकजण म्हणाली. म्हणून तिथं आम्ही पालेभाजी कमी केली आणि बाजरी, हुलगे, घरची मटकी नेऊ लागलो. ते पायलीनं संपायचं.

आगरी गावठाणात रविवारी भाजीला कोण विचारणार? घरोघरी मासळी. कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू तेवढं हातोहात जायचं. श्रावणात मात्र त्याच गल्लीत भाजी पुरायची नाही.

सिडको १९७० साली आली आणि या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी शहराला गेल्या, हे मी ऐकून होतो. तिथला एक म्हातारा टेंपोच्या चाकाकडं बोट दाखवून म्हणाला, "आमची भातशेती होती, हितंच." मग विचारलं, "तांदूळ नाय आनत?" आमच्या पश्चिमेच्या गावांत इंद्रायणी पिकते. पुढल्या खेपेला दहा किलो वेगळा बांधून नेला. त्यानं मूठभर दाणे तळहातावर घेतले, वास घेतला, एक दाणा दातानं फोडला आणि किलोमागं पाच रुपये तोडले.


दिले. शेतकऱ्याशी कोण वाद घालणार.